आग्नेय कोपऱ्यातला डबा

"सर, मी पासवर्ड कुणालाच नाही दिला. आईशप्पथ," ज्योती म्हणाली.

आमच्या मालकांनी, गोपालजींनी, ई-मेलचा प्रिंटआउट तिच्यापुढे सरकवला. "बेटा, अमेरिकावाले झूठ क्यों बोलेंगे? तेरे नाम से बाहर से कोई घुस रिया है."

मी शेजारच्या खुर्चीत बसलो होतो. ऑफिसमधले कॉम्प्युटर, वायरी आणि इंटरनेट हे सगळं माझ्याकडे, म्हणून मला बोलावलं होतं. मी प्रिंटआउटवर नजर लावून बसलो. वाचण्यासारखं त्यात फार नव्हतं, पण मान खाली ठेवायला तो बरा होता.

इंदूरला तुकोगंजात तिसऱ्या मजल्यावर आमचं ऑफिस होतं. अमेरिकेतल्या दवाखान्यांची बिलं आमच्याकडे यायची, आमची मुलं-मुली ती तपासून त्यांच्या कॉम्प्युटरवर चढवायची. ज्योती शिंदे त्यातली सगळ्यात कमी चुका करणारी. बेटम्याहून रोज बसने यायची. घरून नोकरीला बाहेर पडलेली पहिलीच मुलगी. "एक जरी तक्रार घरी आली ना सर, तर बाबा म्हणतील, पुरे झालं इंदूर," असं तिने एकदा हसत सांगितलं होतं. आज हसत नव्हती.

मेल आमच्या क्लायंटकडच्या कॉलिन्स नावाच्या माणसाची होती. प्रत्येक इंटरनेट कनेक्शनला एक नंबर असतो, घराला पत्ता असतो तसा. तुम्ही कुठल्या कनेक्शनवरून आत आलात ते समोरच्याला त्या नंबरावरून कळतं. आमच्या ऑफिसचा नंबर कॉलिन्सला माहीत होता. ज्योतीच्या नावाने मात्र दोन नंबरांवरून लॉगिन होत होतं. एक आमचा, दुसरा कुणाचा ते कुणालाच ठाऊक नव्हतं. कॉलिन्सचं म्हणणं सरळ होतं. उद्या संध्याकाळी फोनवर बोलू. तोवर हा दुसरा कोण ते सांगा, नाहीतर त्या मुलीला कामावरून काढा.

"मी तो इथेच बसते ना, माझ्या टेबलावर," ज्योती म्हणाली. "नेट सारखं जात होतं, तेव्हा सरांनीच ठीक करून दिलं होतं. विचारा त्यांना."

गोपालजींनी माझ्याकडे पाहिलं.

"हाँ, किया था," मी म्हणालो.

कसं केलं होतं, ते त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

ज्योतीचा लॅपटॉप गोपालजींनी पुरावा म्हणून आपल्या कपाटात कुलूपबंद केला आणि तिला रिसेप्शनला फोन घ्यायला बसवलं. मला ते आडनावाने हाक मारायचे. म्हणाले, "खेर भिया, तुम पता करो. आसपास कोई दूसरा वायरलेस है क्या? कोई मशीन-वशीन से देख लो."

मशीन-वशीन आमच्याकडे नव्हतं. वाय-फाय तेव्हा इतकं नवं होतं की पाहुणे आले की गोपालजी त्यांना वायर नसलेला लॅपटॉप उचलून दाखवायचे. मी म्हणालो, स्क्रिप्ट लिहितो.

स्क्रिप्ट म्हणजे कॉम्प्युटरला लिहून दिलेल्या कामांची चिठ्ठी. हे कर, मग ते कर, मग पुन्हा पहिल्यापासून. आसपासची वायरलेस नेटवर्कं शोधायची आज्ञा माझ्या जुन्या लिनक्स लॅपटॉपमध्ये होतीच. ती आज्ञा चालवायची, आलेल्या उत्तरातून नेटवर्कचं नाव आणि सिग्नलचा जोर तेवढा उचलायचा, शेजारी वेळ टाकायची, क्षणभर थांबायचं आणि पुन्हा विचारायचं. तासाभराचं काम. बाकी सगळा वेळ, नेटवर्कच्या नावात दोन शब्दांमध्ये मोकळी जागा असली की स्क्रिप्ट ते नाव अर्धंच वाचायची, ते निस्तरण्यात गेला.

सिग्नलचा जोर उणे आकड्यांत येतो. उणे चाळीस म्हणजे उत्तम, उणे पंचाऐंशी म्हणजे नेट असून नसल्यासारखं. गोपालजी मागे उभं राहून बघत होते. म्हणाले, "सब माइनस में? अपना कुछ प्लस में भी है?"

लॅपटॉप हातावर आडवा धरून मी ऑफिसभर फिरलो. केबिन, जिना, पँट्री, ज्योतीचं रिकामं टेबल. जाईन तिथे एकच नाव येत होतं, आमच्या ऑफिसचं. दुसरं काहीच नाही.

"मतलब बाहर का कोई नहीं है," गोपालजी म्हणाले. "मतलब लड़की ने ही किसी को दिया है."

"स्क्रिप्ट तो यही बता रही है," मी म्हणालो.

आता खरं सांगतो. तो निकाल बघून मला हलकं वाटलं. कारण ज्योतीचं नेट मी कसं "ठीक" केलं होतं ते मला पक्कं आठवत होतं. ती वैतागून मागे लागली होती, मला दुसरीकडे जायची घाई होती. लॅपटॉपच्या यादीत शेजारचं कुठलंतरी एक नेटवर्क दिसलं, 'डिफॉल्ट' नावाचं. डबा विकत आणून कुणी नावच बदललं नाही की असलं नाव राहतं. पासवर्डही नव्हता. मी क्लिक केलं, नेट धो धो चालू झालं. "झालं," म्हणालो आणि निघून गेलो. तात्पुरतं होतं. संध्याकाळी काढणार होतो. त्या संध्याकाळला बरेच महिने झाले होते.

आणि आता माझीच स्क्रिप्ट सांगत होती की असं नेटवर्क आसपास नाहीच. मी स्वतःला समजावलं, की गेलं असेल ते बंद होऊन. मग ज्योतीचं काय, ते तिचं तिला माहीत. असा विचार मी केला. अगदी शांतपणे केला.

न बोलायची सवय घरातली. माझे बाबा मिलमध्ये विणाई खात्यात होते. मिल घरघरायला लागली तेव्हा ते मॅनेजरसमोर उभं राहून जे काही बोलायचं ते बोलले. छाटणी झाली तेव्हा पहिल्या नावांत त्यांचं नाव. पुढे मिलच बंद झाली, न बोललेलेही घरी आले. पण आईने त्यातून आमच्यासाठी एकच नियम काढला: साहेबाने विचारलं तेवढंच सांगायचं. मी तो नोकरीभर पाळला. गोपालजींना माझ्यात तेच आवडायचं. "खेर भिया कम बोलते हैं," असं ते कौतुकाने सांगायचे.

खरं तर ज्योतीचं नेट सारखं का जात होतं, तेही मी कधी बोललो नव्हतो. त्याची कथा अशी.

गोपालजी मूळचे सुताचे व्यापारी. मिलांना माल द्यायचे. मिला बसल्या, धंदा बसला. तेव्हा त्यांच्या पंडितजींनी सांगितलं, की त्यातल्या एका मिलचा बॉयलर ईशान्येला होता, देवाच्या कोपऱ्यात अग्नी, म्हणून मिल बुडाली. गोपालजींच्या मनात हे इतकं बसलं की ऑफिस लावताना खिळासुद्धा पंडितजींना विचारून ठोकला गेला. आमच्या मोठ्या खिडकीतून त्या मिलची बिनधुराची चिमणी दिसायची, म्हणून तिथे कायमचा पडदा. आणि विजेची उपकरणं आग्नेयेला. त्यामुळे वायरलेसचा डबा, म्हणजे ज्यातून ऑफिसभर सिग्नल जातो तो ऍक्सेस पॉइंट, मी बिनबोभाट आग्नेय कोपऱ्यात नेऊन बसवला. तिथे लोखंडी कपाटं होती. लोखंड सिग्नल अडवतं. कोपऱ्यातला अर्धा सिग्नल भिंतीपलीकडे रस्त्यावर, उरलेल्यातला बराचसा कपाटात. ज्योतीचं टेबल नेमकं दुसऱ्या टोकाला. हे चालणार नाही, हे मला डबा ठोकतानाच माहीत होतं. पण कुणी विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसला जाताना मी पोहे खायला थांबलो. ऑफिसपासून चांगली दोन-तीन वळणं अलीकडे हे दुकान. वर शेव, कांदा, जिरावण मसाला, बाजूला जिलबी. खांद्याची बॅग गरम लागली. बघतो तर रात्री घरी चार्जिंगला लावलेला लॅपटॉप बंदच केलेला नव्हता, स्क्रिप्ट रात्रभर नुसती फिरत होती. बंद करावा म्हणून उघडला. पडद्यावर ओळीमागून ओळ येत होती. आमच्या ऑफिसचं नेटवर्क. सिग्नल उत्तम.

पोह्यांच्या दुकानात.

मी बशी हातात धरून बघत बसलो. दुकानदार म्हणाला, "भिया, शेव और डालूँ कि नी?" मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही, पण शेव पडली.

चूक बाळबोध होती. आसपासची नेटवर्कं नव्याने शोधायची तर त्या लॅपटॉपवर मालकाचे अधिकार लागतात. त्याला रूट म्हणतात. मी साध्या माणसाच्या अधिकाराने स्क्रिप्ट चालवली होती. असं केलं की तो जुना लॅपटॉप 'नाही' म्हणत नसे. त्याच्याकडे आधीचं जे उत्तर उरलेलं असे, तेच शिळं उत्तर तो पुन्हापुन्हा देत राही. शोधत काहीच नव्हता. विचारलं तेवढ्याचं काहीतरी उत्तर द्यायचं आणि गप्प बसायचं. हा स्वभाव मला ओळखीचा वाटला.

एका ओळीत बदल केला, मालकाचा पासवर्ड टाकला आणि तिथेच पुन्हा चालवली. आमचं नेटवर्क गायब झालं आणि दुकानावरच्या हॉटेलचं दिसायला लागलं.

बशी अर्धी टाकून मी उठलो. इंदूरमध्ये पोहे टाकून उठणाऱ्या माणसाकडे लोक काळजीने बघतात. दुकानदाराने विचारलंही, "घर पे सब ठीक है ना?"

ऑफिसात शिरताना रिसेप्शनला ज्योती बसलेली. डोळे सुजलेले. "गुड मॉर्निंग सर," म्हणाली. मला त्या दोन शब्दांनी जितकं लागलं तितकं शिव्यांनी लागलं नसतं. घरी काय सांगितलंस, मी विचारलं. "लॅपटॉप रिपेअरला गेलाय असं सांगितलं. खोटंच ना. पण काय सांगू?"

मी टेबलाटेबलाशी थांबत फिरलो. आता पडदा भरून नावं येत होती. समोरच्या बँकेचं, वरच्या मजल्यावरच्या वकिलांचं. ज्योतीच्या टेबलाशी पोचलो. आमचं ऑफिस: उणे चौऱ्याऐंशी. 'डिफॉल्ट': उणे अठ्ठेचाळीस. म्हणजे आमचा सिग्नल तिथे जेमतेम श्वास घेत होता आणि शेजारचा टेबलावर चढून बसला होता.

'डिफॉल्ट' कुणाचं ते शोधायला लॅपटॉप घेऊन जिन्याकडे गेलो. जोर वाढत गेला आणि त्याच मजल्यावरच्या दातांच्या दवाखान्याच्या दारात सर्वांत जास्त झाला. डॉक्टर साठे एका पेशंटच्या तोंडात आरसा घालून उभे होते.

"डॉक्टर, तुमच्या वाय-फायला पासवर्ड नाही."

"नाही ना. टाकता येतो?"

"हो. आणि आमची एक मुलगी चुकून तुमचं नेट वापरते आहे."

"अरे! मी तर कंपनीला रोज फोन करून भांडतो, की स्पीड का नाही म्हणून," डॉक्टर म्हणाले. पेशंटने आ वासलेल्या तोंडाने काहीतरी म्हटलं. बहुतेक तोही वापरत असावा.

त्यांच्या कॉम्प्युटरवर बसून मी त्यांच्या कनेक्शनचा नंबर काढला. कॉलिन्सच्या मेलमधलाच तो नंबर होता.

इथे मी जिन्यात जरा थांबलो. माझ्याकडे एक बरं उत्तर तयार झालं होतं: शेजारचं नेटवर्क उघडं होतं, ज्योतीचा लॅपटॉप आपोआप जोडला गेला, कुणाचाच दोष नाही. ऐकायला झकास. पण ते खोटं होतं. त्या काळचे लॅपटॉप अनोळखी नेटवर्कला आपोआप जात नसत. आधी कुणीतरी एकदा हाताने जोडून द्यावं लागे. मग ते नाव लक्षात ठेवत आणि ऑफिसचा सिग्नल पडला की ओळखीच्या घरी जावं तसं बिनदिक्कत तिकडे जात. लॅपटॉप आपोआप गेला म्हटलं असतं, तर पहिल्यांदा ज्योतीने जोडला असंच सगळ्यांनी धरलं असतं.

केबिनमध्ये गेलो. ज्योतीलाही आत बोलावलं. सिग्नलचे आकडे दाखवले, डॉक्टरांचा नंबर दाखवला. गोपालजींचा चेहरा उजळला. ज्योतीने पदराने नाक पुसलं.

"चलो, चोरी तो नहीं हुई," गोपालजी म्हणाले. मग व्यापारी जागा झाला. "पर खेर भिया, उस नेटवर्क पे पहली बार लैपटॉप को जोड़ा किसने?"

"मैंने."

"क्या?"

"मैंने जोड़ा. नेट नहीं चल रहा था, मुझे जल्दी थी. मैंने डॉक्टर का नेट लगा दिया और निकालना भूल गया. कल से मुझे मालूम था. मैं चुप बैठा रहा."

ज्योती माझ्याकडे बघत होती, मी पेपरवेटकडे. एकदा तोंड उघडलंच होतं म्हणून उरलेलंही सांगून टाकलं. "और नेट इसलिए नहीं चलता, कि डब्बा कोने में है. अलमारियों के पीछे. बीच में चाहिए."

हे ऐकून गोपालजी मात्र खुर्चीतून उठले. "डब्बा आग्नेय से नहीं हटेगा! मिल का हाल देखा ना? बॉयलर ईशान्य में था!"

"गोपालजी, बॉयलर पश्चिम में था."

"क्या बात कर रिये हो?"

"मेरे पिताजी ने पूरी नौकरी उसी मिल में की. बॉयलर के बाजू के गेट से अंदर जाते थे. बचपन में मैं टिफिन ले के गया हूँ. पश्चिम में था."

ज्योतीला फसवल्याचं ऐकून जे झालं नव्हतं ते आता झालं. गोपालजी हळूच खाली बसले. बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले, ज्याच्यामागे ती चिमणी होती.

"पक्का?"

"पक्का."

"इतने साल में बोले क्यों नहीं?"

"आपने पूछा नहीं."

"अरे यार," गोपालजी म्हणाले, "तुम आदमी हो कि सरकारी दफ्तर?"

संध्याकाळी कॉलिन्सचा फोन आला. गोपालजींनी स्पीकर चालू केला आणि माझ्याकडे बोट केलं. मी माझ्या मोडक्या इंग्रजीत सगळं सांगितलं, 'आय डिड इट' सकट. माझ्या डोळ्यांपुढे बाबा हातात जेवणाचा डबा घेऊन दुपारीच घरी आले होते तो दिवस उभा राहिला. मग कॉलिन्स म्हणाला, "ओके. थँक्स. प्लीज फिक्स इट." आणि पुढच्या बिलांविषयी बोलायला लागला.

इतकंच. ज्या वाक्याला मी नोकरीभर घाबरलो होतो, त्याची किंमत तेवढीच निघाली. माझ्या फाइलला एक मेमो लागला, तो रास्तच होता. पण त्याआधी ज्योती दीड दिवस रिसेप्शनला बसली, जाणाऱ्या-येणाऱ्याने तिच्याकडे वळून पाहिलं, आणि ती घरी खोटं बोलली. ते काही कुठल्या मेमोत बसत नाही. ते मी अजून बाळगून आहे.

डबा हलला. पंडितजी आले, बॉयलरची दिशा ऐकून गंभीर झाले आणि म्हणाले, की पश्चिमेचा बॉयलर तर आणखी वाईट. ऑफिसच्या मध्यभागाला ब्रह्मस्थान म्हणतात, तिथे भार चालत नाही. पण छताला टांगलेल्या वस्तूचा भार जमिनीवर येत नाही, असा तोडगा त्यांनीच काढला. डबा छताला लागला, सिग्नल सगळीकडे पोचला. आग्नेयेत गोपालजींनी एक लाल झिरोचा बल्ब लावला. त्याने कुणाचंच काही बिघडलं नाही.

ज्योतीला लॅपटॉप परत मिळाला तेव्हा मी तिच्या टेबलाशी गेलो. माफीचं वाक्य मनात जुळवून ठेवलं होतं. तिने ते पुरं होऊच दिलं नाही.

"सर, त्या दिवशी तुम्ही 'झालं' म्हणाले आणि निघून गेले. काय झालं, ते नव्हतं सांगितलं. आता माझ्या मशीनवर काही कराल ना, तो बोलून करायचं."

"म्हणजे?"

"म्हणजे तोंडाने. मला ऐकू येईल असं."

मग मी उभ्या उभ्या बोलायला लागलो. "आता मी वायरलेसची यादी उघडतो. हे आपलं ऑफिस. हे 'डिफॉल्ट'. हे काढून टाकतो."

"काढलं?"

"काढलं."

"दाखवा."

दाखवलं.

बाकीच्यांना हा खेळ फार आवडला. त्यानंतर मी कुणाच्याही मशीनला हात लावला की मागून ओरडा यायचा, "खेर सर, कॉमेंट्री!" मी करायचो. करता करता सवय लागली. नव्या मुलांना आजही एवढंच शिकवतो: दुरुस्ती करताना काय करतो आहोत ते मोठ्याने सांगायचं, आणि 'तात्पुरतं' म्हणून जे जोडलं ते जेवायच्या सुट्टीआधी काढायचं. त्यांना वाटतं, म्हाताऱ्याला एकट्याने बडबडायची खोड आहे.

काही काळाने ज्योती पुण्याला मोठ्या कंपनीत लागली. तिच्या बाबांनी स्वतः येऊन गोपालजींना पेढे दिले. शेवटच्या दिवशी लॅपटॉप माझ्याकडे जमा करायचा होता. मी घ्यायला हात पुढे केला, तर म्हणाली, "थांबा सर. ऐका." आणि एकेक बटण दाबत मोठ्याने सांगत गेली. हे माझे फोल्डर, काढले. हे पासवर्ड, काढले. हे ऑफिसचं नेटवर्क, तुमच्यासाठी राहू देते.

पूर्ण होईपर्यंत मी मध्ये एक शब्द बोललो नाही. त्या वेळी मात्र ते बरोबर होतं.